शून्याखालची मोकळी जागा

ध्वनिमुद्रणात होणाऱ्या चुकांपैकी बहुतेकांवर मागाहून काही ना काही इलाज करता येतो. आवाज लहान पडला तर मोठा करता येतो, खर्ज अधिक झाला तर कमी करता येतो, मध्येच कोणी खोकले तर तेवढा तुकडा कौशल्याने काढून टाकता येतो. परंतु मायक्रोफोनमधून येणारा संकेत यंत्राच्या मर्यादेबाहेर गेला आणि त्याचा माथा छाटला गेला, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला आवाज फाटणे म्हणतो ते घडले, तर जे नाहीसे झाले ते जसेच्या तसे परत आणण्याचा खात्रीचा मार्ग आजही उपलब्ध नाही. ही हानी टाळण्याचा अधिकार मुख्यतः ज्या एका नॉबकडे असतो त्याला गेन म्हणतात, आणि तो कोठे ठेवावा याविषयी नवख्यांच्या मनात जेवढा गोंधळ असतो तेवढाच, किंबहुना थोडा अधिकच, जुन्या मुरलेल्या लोकांच्या मनातही आढळतो. कारण त्यांच्या सवयी ज्या यंत्रांवर लागल्या ती यंत्रे गेली आणि सवयी तेवढ्या मागे राहिल्या. या प्रकरणात त्या नॉबचे कार्य, त्याच्या अधिकाराची हद्द आणि त्याच्या वर सोडावयाच्या मोकळ्या जागेचा, म्हणजे हेडरूमचा, हिशेब आपण सावकाशपणे पाहू.

मायक्रोफोन आपल्या हाती मुळात किती अल्प ऐवज देतो, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १९६६ साली बाजारात आलेला आणि आजही असंख्य व्यासपीठांवर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम५८ हा माइक उदाहरणादाखल घेऊ. ९४ डेसिबल तीव्रतेचा आवाज, म्हणजे एक पास्कल एवढा ध्वनिदाब, त्याच्यावर पडला असता त्यातून सुमारे १.८५ मिलिव्होल्ट विद्युद्दाब निर्माण होतो. आणि ९४ डेसिबल हा काही घरगुती संभाषणाचा आवाज नव्हे. साधे बोलणे मीटरभर अंतरावर ६० डेसिबलांच्या आसपास असते, तोंड माइकपासून दहा सेंटिमीटरांवर आणले की ते ८० पर्यंत चढते, आणि त्या वेळी तारेतून वाहणारा संकेत अवघा ०.३७ मिलिव्होल्ट असतो. पुढली यंत्रसामग्री मात्र व्यावसायिक रिवाजाप्रमाणे १.२३ व्होल्टच्या सुमाराचा संकेत येईल अशा अपेक्षेने सिद्ध केलेली असते. या दोहोंतील तफावत तीन हजार तीनशे पटींची आहे, आणि ती भरून काढणे हे प्रीअँपचे काम होय. कंडेन्सर जातीच्या माइकला, ज्याला चालण्यासाठी त्याच तारेतून ४८ व्होल्टचा पुरवठा करावा लागतो, एवढी मदत लागत नाही; नॉयमन कंपनीचा यू ८७ हा सुप्रसिद्ध माइक, त्याच्या हल्लीच्या आवृत्तीत, त्याच ९४ डेसिबलांना २८ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एसएम५८ च्या पंधरापट. एका माइकसाठी निश्चित केलेले गेनचे स्थान दुसऱ्या माइकला निरुपयोगी का ठरते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि म्हणून ‘गेन किती ठेवावा’ या प्रश्नाला नॉबवरील अमुक आकडा असे उत्तर कोणी देऊ लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

हजारोंच्या पटी बोलण्यात गैरसोयीच्या पडतात, म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या अभियंत्यांनी दूरध्वनीच्या तारांतील घट मोजण्यासाठी जे परिमाण प्रचारात आणले आणि ज्याला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ डेसिबल हे नाव मिळाले, तेच येथेही उपयोगी पडते. विद्युद्दाब दुप्पट झाला म्हणजे ६ डेसिबल वाढले, दसपट झाला म्हणजे २०, सहस्रपट झाला म्हणजे ६०, एवढे तीन आकडे ध्यानात ठेवले तर या विषयातील बहुतेक हिशेब तोंडी होतात. वरची तीन हजार तीनशेची पट या मापाने ७० डेसिबल होते. पुष्कळशा छोट्या रेकॉर्डिंग पेट्यांतील प्रीअँप ५० ते ६० डेसिबलांपर्यंतच गेन देऊ शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे हळू आवाजात बोलणारा मनुष्य साधा माइक वापरू लागला की नॉब शेवटापर्यंत फिरवूनही मीटर अर्ध्यावर का रेंगाळतो, हे कोडे राहत नाही. त्यात नॉबच्या प्रवासाच्या अगदी शेवटच्या टोकाला पुष्कळ पेट्यांत थोड्याशा फिरवण्याने गेन एकाएकी उसळतो, त्यामुळे तेथे हात फार जपून चालवावा लागतो.

आता मर्यादांचा विचार. ध्वनिमुद्रण दोन सीमांच्या मध्ये घडते. खाली खरखर असते आणि वर छत असते. खालच्या सीमेचा मूळ स्वभाव बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली उलगडून दाखविला. कोणत्याही वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे अविरत अस्वस्थ असतात, आणि त्या अस्वस्थतेतून विद्युद्दाबाचा एक क्षीण, अनियमित कंप सतत निर्माण होत राहतो. यंत्र कितीही निर्दोष बांधले तरी तो चुकत नाही, कारण तो यंत्राचा दोष नसून द्रव्याचा धर्म आहे. माइकचा सर्वसाधारण अंतर्गत रोध १५० ओहम धरला तर खोलीच्या उष्णतामानात, ऐकू येणाऱ्या वीस हजार कंपनांच्या पट्ट्यात, हा कंप सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट भरतो. उत्तम प्रीअँप यात स्वतःची जी भर घालतो ती धरूनही एकंदर खरखर ०.३ मायक्रोव्होल्टच्या घरात राहते, म्हणजे निसर्गाने आखून दिलेल्या रेषेच्या तीनेक डेसिबल वर. या बाबतीत मानवी कारागिरीने जवळजवळ होते तेवढे करून ठेवले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

वरच्या बोलण्याच्या उदाहरणात संकेत ३७० मायक्रोव्होल्टांचा आणि खरखर ०.३ मायक्रोव्होल्टांची, म्हणजे दोहोंत सुमारे ६२ डेसिबलांचे अंतर. आता नॉब वर चढविला तर काय होईल? संकेत वाढेल आणि त्याच्या बरोबरीने खरखरही वाढेल. दोहोंतील अंतर जवळजवळ तेवढेच राहील. गेनच्या अधिकाराची ही हद्द ज्याला कळली त्याला अर्धा विषय कळला. गेन वाढवून आवाज स्वच्छ होत नाही, तो फक्त मोठा होतो. माइकमध्ये जे शिरले त्यातच जर खरखरीचे प्रमाण अधिक असेल तर नॉबने त्याची निवड करता येत नाही. शिवाय ज्या खोलीत आपण बसलो आहोत ती खोलीही कधी पूर्णपणे शांत नसते. रात्रीच्या निवांत वेळी, पंखा बंद करून, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीतही ३० डेसिबलांचा आवाज सहज असतो. माइकपाशी बोलणे ८० डेसिबलांचे आणि खोली ३० ची, म्हणजे अंतर ५० डेसिबलांचेच. प्रीअँपची खरखर त्याहूनही बारा डेसिबल खाली पडली आहे! असे असता लोक प्रीअँप बदलण्यात पैसा खर्च करतात आणि डोक्यावरचा पंखा तसाच फिरत ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. माइक आणि तोंड यांतील अंतर निम्मे केले तर संकेत ६ डेसिबलांनी चढतो आणि खोलीचा गोंगाट मात्र आहे तेथेच राहतो. नॉबला जे साधत नाही ते येथे एक पैसाही न खर्चता साधते. अर्थात दिशावेधी माइकच्या फार जवळ गेले की खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फुंकर-आघात त्रास देऊ लागतात, म्हणून या जवळिकीलाही मर्यादा आहे. बोलण्यासाठी वीतभर, फार तर त्याच्या निम्म्यापर्यंत, अंतर बहुतेकांना मानवते.

वरच्या सीमेची कथा निराळी आहे. चुंबकीय फितीवर जेव्हा मुद्रण होत असे तेव्हा छत असे खरे, परंतु ते मऊ होते. संकेत वाढत गेला की फितीवरील चुंबकीय कण हळूहळू तृप्त होत, शिखरे थोडी गोलावत, स्वराला किंचित जाडी येई, आणि ही विकृती इतक्या क्रमाक्रमाने वाढे की पुष्कळ ध्वनिमुद्रक तिचा गुण म्हणून उपयोग करून घेत. दुसऱ्या बाजूने फितीची स्वतःची खरखर मोठी असल्यामुळे संकेत जितका चढा ठेवता येईल तितका ठेवणे हाच शहाणपणा होता. जुन्या पिढीचा हात काट्याला लाल पट्ट्यात पाठविण्यासाठी शिवशिवे तो यामुळे, आणि त्या काळी ते योग्यच होते.

अंकांच्या राज्यात हा मऊपणा नाही. पॅरिसमधील प्रयोगशाळेत काम करणारे इंग्रज अभियंता अलेक रीव्ह्ज यांनी १९३७ साली जी कल्पना काढली ती अशी, की दूरध्वनीचा आवाज तारेतून तरंगाच्या रूपाने न पाठविता ठरावीक क्षणांना त्याची उंची मोजावी आणि केवळ तो आकडा पुढे पाठवावा, म्हणजे वाटेतील खरखरीने आकडा बिघडण्याचे कारण उरत नाही. आजचे सर्व डिजिटल ध्वनिमुद्रण याच कल्पनेवर उभे आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सोनी आणि फिलिप्स यांनी दर सेकंदास ४४,१०० मोजण्या आणि प्रत्येक मोजणीस १६ बिट असे प्रमाण ठरविले; सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या बसतात, उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. या शेवटच्या आकड्यालाच मीटरवर शून्य म्हणतात, आणि डिजिटल मीटरवरील बाकीचे सारे आकडे उणे असतात ते याचमुळे. शून्याच्या वर लिहिण्यासाठी आकडाच शिल्लक नसतो.

हे किती निर्दय आहे ते अगदी जवळून पाहू. तबलजीने चाटीवर जोरकस ‘ना’ वाजविला आहे, तरंग चढत आहे, आणि एका सेकंदाच्या चव्वेचाळीस हजाराव्या भागाच्या अंतराने त्याच्या मोजण्या अशा यावयास हव्यात: २४,०००, ३१,०००, ३६,५००, ३९,०००, ३७,२००, ३२,०००. यांतील तिसरी, चौथी आणि पाचवी संख्या लिहिता येत नाही. मग फाइलमध्ये काय उतरते? २४,०००, ३१,०००, ३२,७६७, ३२,७६७, ३२,७६७, ३२,०००. शिखराच्या जागी सपाट पठार तयार झाले. आणि शिखर किती उंच होते, ते टोकदार होते की गोल, याची दप्तरात कोठेही नोंद राहिली नाही. आज अशा पठारांवर पुन्हा शिखरे बांधणाऱ्या आज्ञावली मिळतात, आणि लहानसहान जखमा त्या सफाईने झाकतातही, परंतु त्या जे बांधतात ते आजूबाजूच्या मोजण्यांवरून केलेले अनुमान असते. त्यातही सपाट कड्यांचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा छाटलेला तरंग मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे नवे स्वर निर्माण करतो. आणि छाटणी संकेत अंकरूप झाल्यानंतर घडली असेल तर या नव्या स्वरांपैकी जे २२,०५० कंपनांच्या वर पडतात ते तेथून उलटून खाली येतात. ७,००० कंपनांच्या अंशाचा पाचपट स्वर ३५,००० चा. तो उलटून ९,१०० वर येऊन बसतो, जेथे त्याचा मूळ स्वराशी कोणताही सुरेल संबंध नसतो. डिजिटल फाटणे कानाला फितीच्या फाटण्याहून इतके कर्कश का वाटते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

या छतापासून आपण नेहमीच्या पातळीला जेवढे खाली राहतो तेवढी हेडरूम. जुन्या गढ्यांच्या वेशी बांधणाऱ्यांनी कमानीची उंची रोज ये-जा करणाऱ्या माणसांच्या उंचीवरून ठरविली नाही, अंबारीसह येणाऱ्या हत्तीवरून ठरविली. ध्वनिमुद्रणातही छतापर्यंतचे अंतर सरासरी आवाजावरून न ठरविता त्या बैठकीत येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या आवाजावरून ठरवावे लागते. ही समज डिजिटल युगाच्या फार पूर्वीची आहे. बेल प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील दोन मोठ्या रेडिओसंस्था, सीबीएस व एनबीसी, यांनी मिळून १९३९ साली व्हीयू मीटर प्रमाणित केला, तेव्हा त्याचा काटा मुद्दाम मंद ठेवला होता. एकाएकी आलेल्या स्थिर संकेताचे पूर्ण मान दाखविण्यास त्याला ०.३ सेकंद लागत. कानाला जाणवणारी तीव्रता दाखविण्यास ही मंदता अनुकूल होती, परंतु तबल्याचा आघात काही सहस्रांश सेकंदांत शिखर गाठून ओसरतो, त्याची खबर काट्याला लागण्यापूर्वीच तो निघून गेलेला असतो. म्हणून काट्याच्या शून्यावर आणखी पुष्कळ जागा यंत्रात मोकळी ठेवण्याचा दस्तूर पडला. व्यावसायिक यंत्रांत हे शून्य अधिक ४ डीबीयू, म्हणजे आपण पूर्वी पाहिलेले १.२३ व्होल्ट, आणि चांगली यंत्रे अधिक २४ डीबीयूपर्यंत, म्हणजे बारा व्होल्टांहून किंचित वर, न फाटता जातात. मधले २० डेसिबल ही राखीव जागा. डिजिटल यंत्रे आली तेव्हा अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्राने हीच राखीव जागा कायम करून नेहमीची पातळी उणे २० वर ठरविली, युरोपच्या प्रसारण संघाने उणे १८ वर. म्हणजे डिजिटल मीटरवर उणे अठरा-वीसवर खेळणारा आवाज पाहून ‘फारच कमी येतो आहे’ असे ज्यांना वाटते, ते वास्तविक जुन्या काट्याच्या बरोबर शून्यावर उभे असतात.

आपल्याकडील ख्यालाची बैठक हा या नियमाच्या परीक्षेचा फार उत्तम प्रसंग आहे, कारण तिच्यात आवाजाचा पल्ला मोठा असतो आणि तो हळूहळू, एक-दीड तासाच्या अवधीत उलगडतो. प्रारंभी गायक मंद्र सप्तकात, अर्ध्या आवाजात, सुरांना नुसता स्पर्श करीत असतो. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे सूक्ष्म अतिस्वर त्या आवाजाच्या मागे ऐकू येत असतात, आणि तबला अजून सुरू झालेला नसतो. नेमक्या याच वेळी मुद्रक आपली पातळी ठरवितो, आणि मीटर भरलेला दिसावा म्हणून गेन चढवितो. पुढे अर्ध्या तासाने गळा तापतो, तार षड्जावर ठहराव येतो, द्रुत लयीत छातीतून तान सुटते, शेजारी बसलेला तबलजी समेवर हात मोकळा सोडतो, आणि बैठकीचा जो क्षण जतन करण्यासाठी एवढा खटाटोप मांडला तोच फाटतो. तबल्यासारख्या आघातवाद्याची शिखरे त्याच्या सरासरी पातळीहून १५ ते २० डेसिबलांनी सहज वर जातात. म्हणून तबल्याचा माइक लावताना सरासरीकडे पाहणे व्यर्थ होय, तेथे शिखरच पाहावे. गायकाला तपासणीच्या वेळी ‘जरा काहीतरी म्हणा’ अशी विनंती केली तर तो संकोचाने गुणगुणतो. त्याऐवजी ‘बुवा, तार सप्तकातली एखादी तान घ्या, अगदी मैफलीत घ्याल तशी’ असे स्पष्ट सांगावे, त्या तानेचे शिखर उणे १२ च्या आसपास येईल असा गेन ठेवावा, आणि मग त्याला पुन्हा हात लावू नये. प्रत्यक्ष बैठकीत माणूस तपासणीपेक्षा मोठ्याने गातो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की ती सहा-आठ डेसिबलांची वाढ आधीच हिशेबात धरलेली बरी.

‘पण एवढे खाली मुद्रण केले तर दर्जा उतरणार नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि सोळा बिटांच्या काळात त्यात तथ्यही होते. प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबलांची जागा देतो. सोळा बिटांत ९६ च्या घरात, आणि त्या काळचे रूपांतरक, म्हणजे संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग, तेवढेही पुरते देत नसत, त्यामुळे वरचे वीस-पंचवीस डेसिबल रिकामे सोडणे जिवावर येई. आज चोवीस बिटांत १,६७,७७,२१६ पायऱ्या आहेत आणि कागदावरचा पल्ला १४४ डेसिबलांचा आहे. कागदावरचा म्हणतो, कारण प्रत्यक्षात रूपांतरकाची स्वतःची खरखर आड येते आणि चांगल्या उपकरणातही ११० ते १२० एवढेच हाती लागते. आपण ११५ धरू. बोलणे उणे २० वर ठेवले तर खोलीचा गोंगाट, जो त्याच्या ५० डेसिबल खाली आहे, उणे ७० वर पडतो. रूपांतरकाची खरखर उणे ११५ वर, म्हणजे खोलीच्याही ४५ डेसिबल खाली. आता गेन आणखी दहाने उतरवून बोलणे उणे ३० वर आणले, तर खोली उणे ८० वर जाईल, आणि रूपांतरक तरीही तिच्या ३५ डेसिबल खालीच राहील. हानी काय झाली? ऐकू येईल अशी काहीही नाही. मागाहून दहा डेसिबल वाढविले की आधीच्यासारखेच मुद्रण हाती येते. याउलट शून्याला चिकटून मुद्रण केल्याने लाभ कोणता झाला, हे पाहू गेल्यास तोही काही नाही, आणि धोका मात्र पदरात पडला. माझे मत यात निःसंदिग्ध आहे: चोवीस बिटांच्या यंत्रावर मीटर भरण्याचा हव्यास पूर्णपणे निरर्थक आहे, आणि शिकविणाऱ्यांनी तो शिकविणे थांबवावे.

फाटणे कोठे घडले हे ओळखण्याची कला स्वतंत्र आहे, कारण वाटेत छते अनेक आहेत. पहिले छत माइकमध्येच असते. यू ८७ ची मर्यादा ११७ डेसिबलांची. ढोल-ताशाच्या पथकात ताशाच्या अगदी जवळ तो धरला तर ती ओलांडली जाणे सहज शक्य आहे, आणि मग प्रीअँपचा नॉब पूर्ण उतरवूनही उपयोग नाही, कारण इजा त्याच्या आधी झालेली असते. तेथे माइकवरचेच, १० डेसिबल उतरविणारे बटण दाबावे लागते किंवा माइक दूर न्यावा लागतो. दुसरे छत प्रीअँपचे, तिसरे रूपांतरकाचे. फाइल उघडून तरंगाचे चित्र पाहिले आणि शिखरे शून्यावर सपाट दिसली तर दोष रूपांतरकाच्या छताशी घडला; शून्याच्या पुष्कळ खाली, उणे आठवर किंवा दहावर, सारी शिखरे एकाच रेषेत कापलेली दिसली तर ती आधीच, माइकमध्ये किंवा प्रीअँपमध्ये, कापली गेली, किंवा छाटणीनंतर कोणीतरी एकंदर पातळी उतरविली. संगणकाच्या पडद्यावरील फेडर खाली ओढून फाटलेला आवाज सुधारू पाहणारे पुष्कळ भेटतात. फेडर रूपांतरकाच्या पलीकडे बसलेला आहे, त्याने फाटलेला आवाज लहान होतो, सांधला जात नाही. शिवाय मोजण्यांच्या दरम्यान खरा तरंग मोजलेल्या उंचीहून वर जाऊ शकतो, हेही विसरू नये. प्रसारणासाठीच्या मोजमापात हे खरे शिखर काढण्याची रीत २००६ पासून प्रमाणात समाविष्ट झाली आहे.

बत्तीस बिट फ्लोट या नव्या पद्धतीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण तिच्याविषयी गैरसमज फार पसरले आहेत. या पद्धतीत संख्येबरोबर तिचा घातांकही लिहिला जातो, त्यामुळे फाइलमध्ये सुमारे दीड हजार डेसिबलांचा पल्ला मावतो आणि शून्याच्या वरची संख्याही बिनधोक नोंदविता येते. २०१९ च्या सुमारास झूम आणि साउंड डिव्हाइसेस या कंपन्यांनी असे सुटे रेकॉर्डर आणले, आणि त्यांत प्रत्येक माइकसाठी दोन रूपांतरक, एक मोठ्या आवाजासाठी आणि एक बारीक आवाजासाठी, एकाच वेळी चालविण्याची तजवीज केली; त्यांच्यावर गेनची चिंता खरोखरच पुष्कळ कमी होते. परंतु साध्या, एकेरी रूपांतरकाच्या पेटीला संगणक जोडून फाइलचा प्रकार तेवढा ‘बत्तीस बिट फ्लोट’ निवडला, तर छत जेथे होते तेथेच राहते. छाटून आलेला आकडा मोठ्या वहीत लिहिला गेला, एवढाच फरक.

गावोगावी आज अनेकजण आपल्या घरातील वृद्धांचे आवाज मुद्रित करीत आहेत, जात्यावरच्या ओव्या, कीर्तने, पोवाडे, जुन्या आठवणी. साधी पेटी आणि एखादा माइक त्यांना पुरतो, आणि हे काम मोठ्या स्टुडिओंहून कमी मोलाचे मुळीच नाही. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ओवी म्हणणाऱ्या आजींना आधी दोन ओव्या मोकळ्या गळ्याने म्हणू द्याव्या, शिखर उणे १२ च्या वर जात नाही असे पाहून गेन तेथेच सोडावा, आणि काम संपल्यावर आवाज वाढविणे, खरखर काढणे वगैरे जे काही करावयाचे ते मूळ फाइलच्या प्रतीवर करावे, मूळ फाइलवर कधीही नाही. चोवीस बिट आणि दर सेकंदास ४८,००० मोजण्या या दराने एका माइकचे तासाभराचे मुद्रण सुमारे ५१८ मेगाबाइट जागा घेते. ती फाइल जशी उतरली तशी, किमान दोन ठिकाणी, जपून ठेवावी.